एकटं चालू देऊ नका

आमच्या खानदानात मला डॉक्टर म्हणतात ते फक्त लग्नकार्यात. पंगत उठली की एखादी मावशी नाहीतर मेहुणा मला मांडवाच्या कोपऱ्यात घेतो, माझ्याकडे पाठ करतो आणि म्हणतो, "हितं बघ. हितंच धरतंय." मी दाबतो. "लई बरं वाटलं," म्हणून माणूस पान खायला जातो. एरवी मी मालिशच्या कॉलेजातला मास्तर.

वीसेक वर्षं झाली, जिल्ह्यातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवतो. माझा विषय हालचालींचे विकार. हात कापणं, पाय अडणं, तोल जाणं. थोडक्यात, ज्यांचं अंग त्यांचं ऐकत नाही अशा माणसांना चालतं-फिरतं ठेवायचं. पोरांना मी हे फार छान शिकवतो, असं माझं मत आहे. पोटामुळे मला स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नाही, तरी कोणत्या आजारात माणूस कसा चालतो ते वर्गात चालून दाखवायची हौस दांडगी. मागच्या बाकावरचे खाली मान घालून हसतात. ते लिहून घेत आहेत, अशी मी समजूत करून घेतो.

तर माझ्या तोंडून एकदा चार शब्द गेले, आणि त्या चार शब्दांनी माझ्या सख्ख्या चुलत्याला चार महिने खुर्चीत कोंडलं. त्याची ही हकिकत.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. घाटनांदूरला राहतात. रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासत जायचं, रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणारी चावी कुठं सैल झाली असेल तर ठोकून घट्ट करायची आणि तसंच परत यायचं, हे त्यांचं काम. ऊन, थंडी, सणवार काही नाही. काका आजवर किती चालले असतील याची मोजदाद आम्ही लहानपणी दिल्लीपासून सुरू करायचो आणि जेवायला हाक येईपर्यंत लंडनला पोचायचो.

त्या माणसाचे पाय अडायला लागले. आधी पाऊल आखूड झालं, मग चालताना उजवा हात हलेना. तपासणी झाली आणि कंपवात निघाला. घरात कुणाचाच विश्वास बसेना. काकू म्हणाली, "कापत तर काईच न्हाई. मग कंपवात कसला?" तिला समजावता समजावता माझ्या नाकीनऊ आले. प्रत्येकाचा हात कापतोच असं नाही. काकांचा आजार पायांत होता. मोकळ्यावर बरे चालायचे, पण दार आलं, वळण आलं, अरुंद जागा आली की पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढं निघालेलं, पाय मागंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस काहीतरी आठवायला थांबलाय. आतून काय होतं ते काकांनी मला एकदा सांगितलं. "शिग्नल पडलेला असतो, गार्डाची शिट्टी झालेली असती. पण गाडी हालत न्हाई. आन् डब्यातले समदे मलाच बघायलेत."

मग एके दिवशी ते अंगणात पडले. भुवईला टाके पडले. काकूचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होतो. एक मुलगा पेशंटला उठवायच्या नादात स्वतःच पलंगावर बसला होता, आणि बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की हा तुमचा विद्यार्थी का. मी तोंडावर हात आडवा धरून घाईत म्हणालो, "काकू, त्यांना एकटं चालू देऊ नका," आणि ठेवला.

टाके निघेपर्यंत, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. बरं, नंतर तरी फोन करून सांगावं. तेही राहिलं. कॉलेजची तपासणी होती, मुलीची बारावी होती, माझा गुडघा होता. घाटनांदूर माझ्या घरापासून असं किती लांब? दुपारी निघालं तर चहाच्या वेळेला पोचतो माणूस. पण जवळच्या माणसाकडं जायला जवळचा रस्ता फार लांब पडतो.

चार महिन्यांनी गेलो.

काकांचं घर निवृत्तीनंतर बांधलेलं, साधं. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, समोर ओसरी, मग अंगण आणि लोखंडी फाटक. काका ओसरीत हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. खुर्ची भिंतीला टेकवलेली. आणि समोर, त्यांचे गुडघे आत घेऊन, काकूचं शिलाई मशीन सरकवलेलं. उठायचं म्हटलं तर आधी मशीन ढकलावं लागेल अशी रचना. मशीनवर कापड नव्हतं. काका खाली पायानं त्याचा पायटा हलवत होते. खट खट खट, रिकामं मशीन चाललं होतं.

"काय शिवायलाव, काका?" मी विचारलं.

"चालायलोय बे," ते म्हणाले.

काकू पाणी घेऊन आली ती मोठ्या अभिमानानं. "एक पाऊल एकट्यानं टाकू दिलं न्हाई. तू म्हणलास तसं. चपला बी वर टाकल्यात पत्र्याच्या पेटीत. हागायला-मुतायला मी धरून नेती, आंघोळीला धरून नेती. मी भाकरी टाकत असले की हे मशीन लावती."

मी तोंडाला लावलेला पेला तसाच धरून राहिलो. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "कोण आलंय? दादा का?"

काकांनी मान न वळवता खुलासा केला. "भिंत बोलती आमची."

वर कोपऱ्यात कॅमेरा होता. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, पुण्याला असतो. वडील पडल्यावर त्यानं तो बसवून घेतला होता. त्यातून त्याला पुण्यात बसून ओसरी दिसायची आणि बोलताही यायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्येही त्याचं एक लक्ष घाटनांदूरच्या ओसरीवर. काका खुर्चीत जरा पुढं सरकले की भिंत ओरडायची, "बाबा, बसा." दचकून काका बसायचे. एकदा म्हणे शेजारची शेळी ओसरीत आली तर भिंतीनं तिलाही बसायला सांगितलं.

हसायची गोष्ट खरी, पण मी काकांचं धोतर वर करून मांडी बघितली आणि हसू गेलं. रुळावरची ती मांडी. माझ्या मुठीत यायला लागली होती. चालणाऱ्या माणसाला चार महिने बसवून ठेवलं की काय होतं, यावर माझं एक पूर्ण व्याख्यान आहे. दरवर्षी देतो.

"काकू," मी म्हणालो, "मी तसं म्हणालो नव्हतो."

"मंग कसं म्हणला व्हतास?" ती म्हणाली. "शब्दानं शब्द ह्येच."

तेही खरंच होतं. मी वर्गात पोरांना सांगतो, पेशंटला कमी बोला, ठाम बोला, लक्षात राहतं. राहिलं होतं लक्षात. आणि काकूनं ते पाळण्यात काही कसर ठेवली नव्हती. धर्मापुरीला तिचं माहेर. तिथं भावाच्या नातवाचं बारसं झालं, ती गेली नाही. काकांना धरायला कोण? एका वाक्यात मी दोघांना कोंडलं होतं, आणि दुसरीची तर मला खबरही नव्हती.

जाताना काकांनी माझा हात धरला. काकू आत होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगं मला पुण्याला न्यायलंय. नववा मजला. खाली यायला लिफ्ट. लिफ्टला दार. माझं आन् दाराचं तुला ठावं हाय. तिथं एकदा वर गेलो की थेट खांद्यावरच खाली येईन." मग जरा थांबून म्हणाले, "कुलूप तू घातलंस. तूच काढ."

फाटकाबाहेर येऊन मी चुलतभावाला फोन लावला. तो मला दादा म्हणतो, मानतोही; पण त्या दिवशी त्याच्या आवाजात पुण्याचं पाणी होतं.

"दादा, एकटं सोडू नका असं तूच सांगितलंस. आता तूच म्हणतोस सोडा. मी कुणाचं ऐकू?"

"माझं ऐक. तेव्हा चुकलो."

मास्तरकीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा शब्द किती जड जातो ते मास्तरालाच विचारा. पलीकडं त्यानं कॅलेंडर चाळलं असावं. मग म्हणाला, "महिन्यानं रविवारी मी येतो. बाबा खोलीतून फाटकापर्यंत कुणी न धरता गेले तर राहू दे तिथंच. नाहीतर त्याच दिवशी घेऊन येतो. आईचंही वय झालंय दादा, तिनं किती उचलायचं?"

माझ्या हातात एक महिना होता.

मग मी आठवड्यातून तीनदा जायला लागलो. पहिल्याच संध्याकाळी गाडी अडली ती खोलीच्या दारात. काका खाटेवरून उठले, छान चार पावलं टाकली आणि उंबऱ्यावर आल्यावर खिळले. दिवेलागणीची वेळ. काकू देवाजवळ दिवा लावून वळली, नवरा उंबऱ्यावर उभा दिसला आणि तिनं धावत येऊन त्यांचा हात धरून ओढलं. काका आडवे होता होता माझ्या पोटावर आले. माझं पोट कुणाच्या उपयोगी पडल्याचा हा एकमेव प्रसंग.

"ओढू नका, काकू. ओढलं की पाय अजून चिकटतात."

"उंबऱ्यावर माणूस उभा ठिऊ का मग? ते बी तिन्हीसांजंला? लक्ष्मी यायची येळ आन् ह्यो दारात आडवा."

आता कळलं मला. भुवईला टाके पडले त्या दिवशीही त्यांना असंच कुणीतरी ओढलं असणार. विचारलं नाही. काकूनं सांगितलं नाही. पण तिनं पदर तोंडाला लावला तेव्हा आम्हा तिघांनाही समजलं होतं.

अशा वेळी करायची एक युक्ती आहे. माझी आवडती. पाय अडलेल्या माणसासमोर आपला पाय आडवा ठेवायचा आणि सांगायचं, हा ओलांडा. सपाट जमिनीवर न हलणारा पाय अडथळा दिसला की उचलला जातो. वर्गात मी ती दरवर्षी थाटात करून दाखवतो. तशी केली. काकांच्या पुढ्यात पाय आडवा टाकला. "ओलांडा."

काकांनी माझ्या पायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "माणूस ओलांडायचा नसतो."

"काका, हा उपचार आहे."

"उंची खुंटती."

"मी पन्नाशीचा झालोय. आता कसली उंची?"

"म्हणूनच म्हणतो," काका म्हणाले, "आधीच आखूड हायस. घरचंच लेकरू, अजून कशाला खुंटवू?"

काकूनंही मान डोलावली. मी पाय आडवा ठेवून तसाच उभा. दारात आता दोन माणसं अडकली होती, एक आजारानं आणि एक शास्त्रानं. वीस वर्षं मी ही युक्ती शिकवली. माझे विद्यार्थी गावोगावी म्हाताऱ्यांपुढं पाय आडवे टाकत असतील आणि म्हातारे मान हलवत असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी काकू नसावी.

दुसऱ्या वेळी जाताना पांढरी चिकटपट्टी नेली. खोलीतून उंबऱ्यापलीकडं, ओसरीतून अंगणाच्या कडेपर्यंत फरशीवर आडवे पट्टे मारले. पायाला प्रत्येक पट्टा म्हणजे एक निशाण. काका खाटेवर बसून माझं ओणवं होणं, धापा टाकणं बघत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "हे स्लीपर कुणी टाकले?"

"मी."

"अंतर चुकलंय. गाडी पडंल."

मी म्हणालो, हे अंतर तुमच्या उंचीवरून काढलंय. ते म्हणाले, "तुजा हिशेब तुझ्यापाशी." त्यांनी काकूकडून शिवणकामाची टेप मागून घेतली आणि मला बोटानं दाखवत दाखवत सगळे पट्टे उखडायला लावून रुळावरच्या मापानं पुन्हा मारायला लावले. मी चहाही न पिता मारले. मग ते उभे राहिले, पहिल्या पट्ट्यावर पाय टाकला, दुसऱ्यावर टाकायला गेले आणि पाय दोन्हींच्या मधेच पडला. पुन्हा टाकला. पुन्हा मधेच. पायाकडं ते असं बघत होते जणू तो दुसऱ्या गँगमधला कामचुकार माणूस आहे.

मग खाटेवर बसले. टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी म्हणाले, "मधी एकेक टाक अजून."

मी मधे एकेक पट्टा टाकला. त्या पट्ट्यांवरून ते उंबरा ओलांडून ओसरीत आले. कुणी धरलं नाही. भिंतीनं "बाबा" एवढाच शब्द उच्चारला आणि पुढं काही बोलली नाही.

वाटलं, जमलं. पण काकू स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "तू पट्टे मारून जाशील. उद्या पडले तर उचलायचं कुणी? मागच्या टायमाला माझी कंबर धरली ती अजून सुटली न्हाई. तुला सांगितलं का कवा?"

नव्हतं सांगितलं. लग्नाच्या मांडवात सगळ्या खानदानाच्या कमरा मी दाबल्या. काकू कधी रांगेत उभीच राहिली नव्हती.

म्हणून पुढचे पंधरा दिवस मी चालणं सोडून दुसरंच शिकवलं. पडल्यावर उठणं. सतरंजी टाकून काकांना खाली घ्यायचं आणि तिथून त्यांनीच उठायचं. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग रांगत्या लेकरासारखं दोन्ही हात-गुडघ्यांवर. शेजारी खुर्ची. खुर्चीच्या बैठकीवर हात, एक पाय पुढं, जोर आणि वर. धडधाकट माणसाला यात दोन श्वास लागतात. काकांना इतका वेळ लागायचा की बाहेर भाजीवाला येऊन, ओरडून, जाऊन मोकळा व्हायचा.

आणि काकूनं काय करायचं? काही नाही. खुर्ची जवळ सरकवायची आणि उभं राहायचं. हे तिला सगळ्यात अवघड गेलं. हात आपोआप पुढं यायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याला वाढलं, धरलं, सावरलं तो माणूस पायाशी रांगतोय आणि आपण नुसतं बघायचं. "आमच्यात असं कुणी बघितलं तर काय म्हणंल," ती म्हणायची. शेवटी तिनं दोन्ही हातांनी पदराची टोकं मागं धरायची सवय लावून घेतली. तिकडं काका कोपरावर आलेले, इकडं ही पदर आवळून उभी. कोण जास्त अडकलंय ते सांगता येत नव्हतं.

रविवार उजाडला. काकांची गोळी घेतली की काही वेळानं अंग मोकळं होतं आणि दोनेक तासांनी पुन्हा आवळत जातं. चुलतभाऊ दहाला येणार म्हणून मी काकूला सांगून गोळीची वेळ बरोबर बांधली होती. साडेनऊला काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर तयार. पाय हलके होते. मला म्हणाले, "आज मेल गाडी हाय."

दहाला फोन आला. "दादा, मांजरसुंब्याला नाश्त्याला थांबलोय."

अकराला, "केजच्या अलीकडं काम चालू हाय रस्त्याचं." पुणं उतरत चाललं होतं त्याच्या बोलण्यातून.

साडेअकराला काकांचा चेहरा घट्ट व्हायला लागला. पापण्या कमी लवायला लागल्या. पुढची गोळी एकला. आधी द्यावी तर दुपारभर सगळं बिघडणार. मी घड्याळाकडं बघत होतो, काका माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांना घड्याळ बघू देत नव्हतो.

बाराच्या पुढं गाडी आली. चुलतभाऊ उतरून आधी आईच्या पाया पडला, मग वडिलांच्या, आणि मग डिकीतून घडीची व्हीलचेअर काढली. नवी, रेक्झिनच्या वासाची. ती त्यानं अंगणात उलगडून ठेवली. "सोबत असलेली बरी," म्हणाला. त्याचे डोळे तांबारले होते. वडिलांना न्यायचं, या विचारानं तो रात्री झोपला नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. मी आतापर्यंत त्याला जेलरच समजत होतो.

"थोडं थांबू," मी म्हणालो. "गोळी उतरलीय. एकची झाल्यावर—"

"दादा, दिवसभर ते गोळीवरच असतात का? नसतात ना. मग आत्ताच बघू."

बरोबर होतं त्याचं.

काका उठले. दुसऱ्या प्रयत्नात उठले. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. उंबऱ्याला आले आणि थांबले. काकूचे हात मागं. मीही मनातल्या मनात पावलं मोजणं बंद केलं. पाय थरथरला, उचलला, पलीकडं पडला. ओसरी झाली. अंगणाच्या कडेला पट्टे संपत होते. पुढं फाटकापर्यंत मातीच होती. मोकळ्यावर ते चालतात हे मला माहीत होतं. पण फाटकाशी वळण होतं, आणि वळणापाशी ती खुर्ची ठेवलेली. वाट अरुंद झाली होती.

ते तिथं अडले. वरचं अंग पुढं गेलं, पाय राहिले, आणि काका हळूच, पोतं कलंडावं तसे, कुशीवर पडले.

वीस वर्षं मी शिकवतोय की पडलेल्या माणसाकडं धावू नका. आधी बघा, विचारा, त्याला वेळ द्या. मी धावलो. चप्पल तिथंच, मी पुढं. माझ्या बाहीला मागून हिसका बसला. काकूनं एका हातानं माझा सदरा धरला होता. दुसऱ्या हातानं तिनं लेकाला अडवलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "लागलंय का हो?"

"न्हाई," मातीतून आवाज आला.

तिनं जाऊन व्हीलचेअर त्यांच्याजवळ सरकवली आणि ती सरकू नये म्हणून चाकाला पाय लावून ठेवला. ते मी शिकवलं नव्हतं. मग पदराची टोकं मागं धरून उभी राहिली. 

काका कोपरावर आले. थांबले. सदऱ्याला माती लागली होती. शेजारची बाई कुंपणावरून बघायला आली आणि बघतच राहिली. चुलतभाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, हे बघवत नाही." मी म्हणालो, मलाही नाही. त्यानं तोंड फिरवलं, फाटकाच्या गजाला धरून रस्त्याकडं बघत राहिला. काका हातागुडघ्यांवर आले. तिथं इतका वेळ थांबले की मला वाटलं आता उठत नाहीत. मी आयुष्यात कुठल्याच परीक्षेत एवढा घामाघूम झालेलो नाही. मग एक हात खुर्चीवर आला, दुसरा आला. एक पाय पुढं. जोर. अपुरा पडला. पुन्हा जोर. उभे झाले.

फाटक दोन पावलांवर होतं. काकांनी त्याच्याकडं बघितलं आणि मागं वळून त्या नव्या खुर्चीत बसले.

"थकलो," म्हणाले. मग लेकाला म्हणाले, "ही खुर्ची चांगली हाय. हितंच ठिवून जा. पुण्याला नगं."

"बाबा, फाटकापर्यंत ठरलं होतं."

"पडलो न्हवं मधी. उठायला येळ गेला, त्यो बी धर की चालण्यात."

चुलतभाऊ माझ्याकडं वळला. "रोज असं होणार का, दादा?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "होईल," मी म्हणालो. "कधी दिवसातून दोनदाही. कधी लागेल. पुण्यातही होईल. फक्त तिथं त्यांना पाय टाकायला जागा नसेल."

"आणि लागलं तर जबाबदारी कुणाची?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाली, "हितं काय कोर्ट भरलंय का? जेवायला चला."

तो जेवला. दुपारी खुर्ची ठेवून एकटाच परत गेला. दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं. दिवाळीला पुन्हा बोलायचं. जाताना त्यानं कॅमेरा काढला नाही, पण त्याचा आवाज बंद केला. आता भिंत नुसती बघते.

सुटलो, असं मला वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. त्या दिवसापासून घाटनांदूरचा फोन वाजला की मी आधी घड्याळात गोळीची वेळ बघतो आणि मग उचलतो. परवा तास सुरू व्हायच्या आधी वाजला. काकू होती.

"आज दोनदा पडले."

"लागलं?"

"न्हाई. पयल्यांदा उठले आपलेआप."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मीच उचललं. लई येळ लावायले होते आन् चुलीवर दूध चढलं होतं. रागावू नको. आन् पुण्याला सांगू नको."

"नाही सांगत. कंबर?"

"हाय जागेवर."

मागून काकांचा आवाज आला, कुणाशी बोलायलीस. "भावाशी," ती खोटंच म्हणाली. मग मला चपलांचा आवाज ऐकू आला. एक पाऊल, दुसरं, आणि मग काहीच नाही. दार आलं असणार. काकूनं मोकळ्या हातानं पदर मागं धरला असणार. कॉरिडॉरमध्ये पोरं माझ्या बाजूनं वर्गात चालली होती, त्यांनी नमस्कार केला, मी मान हलवली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. घंटा झाली. तिकडून अजून काही वाजलं नव्हतं.

"जा तू," काकू हळू आवाजात म्हणाली. "तुजा तास असंल. मी हाय उभी."